स्टार्टर शेतात बंद पडले, भरपाई कुणी करायची? हार्डवेअर डिझाइनमधल्या चुका आणि जबाबदारी

रावपुरेकर

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझ्या ओळखीच्या एका छोट्या कारखान्यात सध्या एकाच प्रश्नावरून रोज भांडण होतं. तो प्रश्न इथे मांडतो, कारण आपल्यापैकी बरेच जण याच धंद्यात आहेत.

कारखाना बोअरच्या पंपांसाठी ऑटो-स्टार्टर, म्हणजे वीज आली की पंप आपोआप चालू करणारी खोकी, बनवतो. हिवाळ्यात बसवलेले बरेच स्टार्टर पादरा, डभोई, करजणकडच्या शेतांतून मे महिन्यात परत आले. सगळ्यांत दुखणं एकच. पॉवर सप्लायमधला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर (वीजपुरवठा स्थिर ठेवणारा भाग) फुगलेला, त्यामुळे रिले (विजेवर चालणारा स्विच) थरथरतो आणि सुटतो, पंप बंद. बोर्डाचं लेआउट, म्हणजे कोणता भाग कुठे बसवायचा याची आखणी, केलेला मुलगा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला आहे. त्याने कॅपॅसिटर हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या, तापणाऱ्या धातूच्या भागाला) अगदी चिकटून ठेवलाय, हे बोर्ड हातात घेतल्यावर कुणालाही दिसतं. शेठचं म्हणणं, "वांक एनो ज छे" (चूक त्या मुलाचीच). बदलून दिलेल्या बोर्डांचा खर्च त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापायचं ठरलं आहे.

मला हे साफ चुकीचं वाटतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: काढले, तपासले, मंजूर. या ड्रॉइंगवर तिन्हीत त्या एकाच मुलाची सही आहे, कारण कारखान्यात दुसऱ्या कुणाला बोर्ड कळतच नाही. तपासायला माणूस नेमायचा नाही आणि चूक निघाली की काढणाऱ्याला धरायचं, हा कुठला न्याय? ज्याच्या हातात माल थांबवायचा अधिकार होता, जबाबदारी त्याची. तुमचं मत सांगा.

निवांत

पगार कापणं चूक. बाकीचं वाचतोय.

तांब्याची_तार

रावपुरेकर, पगार कापू नये इथपर्यंत तुमच्याशी सहमत. पुढे नाही.

मी ट्रान्सफॉर्मर डिझाइनमध्ये आयुष्य काढलं. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात शिकवतात की कागदाच्या इन्सुलेशनचं तापमान साधारण सहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. इलेक्ट्रोलिटिकला हाच नियम दहा अंशांचा. पुस्तकातल्या पहिल्या पानांवरची गोष्ट आहे ही. हीटसिंकजवळ कॅपॅसिटर ठेवू नये हे कळायला तपासनीस लागत नाही. "व्यवस्था चुकली" असं म्हटलं की सगळे सुटतात. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही. ज्याने ठेवला त्याने मान्य केलं पाहिजे, निदान स्वतःशी.

आणि एक तांत्रिक प्रश्न. कॅपॅसिटर कुठला होता? त्यावर कमाल तापमान १०५ अंश लिहिलंय की ८५?

रावपुरेकर

परत आलेल्यांवर ८५ अंश, २००० तास, म्हणजे त्या तापमानाला तेवढे तास टिकणारा. मुलाकडे पहिल्या नमुन्याचा बोर्ड आहे, त्यावरचा १०५ अंश, ५००० तासांचा आहे. म्हणजे मध्येच कुठेतरी बदलला गेला.

सूरसागरकाठी

हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! मी क्वालिटीत काम करते. तुम्ही "डिझाइनची चूक" म्हणालात, पण नमुना पास झाला एका भागावर आणि माल गेला दुसऱ्या भागावर. बदल कुणी केला, कधी केला आणि बोर्डाचा रिव्हिजन नंबर वाढवला का?

रिव्हिजनवर मी का अडून बसते ते सांगते. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण घ्या. स्विच गरजेपेक्षा सैल होता. जड जुडगा किंवा धक्का लागला की चावी फिरायची, चालत्या गाडीचं इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅग उघडायची नाही. पुढे स्विच दुरुस्त केला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे अपघात तपासणाऱ्यांना जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक का दिसतोय हेच वर्षानुवर्षं उलगडेना. २०१४ मध्ये गाड्या परत बोलावल्या, आणि भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. चूक सुरुवातीची असली तरी ती इतकी वर्षं लपून राहिली ती न बदललेल्या क्रमांकामुळे.

तुमच्या कारखान्यात कॅपॅसिटर बदलला आणि कागदावर काहीच बदललं नाही, असंच झालेलं दिसतंय.

खरेदीखातं

आता सगळे परचेसवर घसरणार, म्हणून आधीच लिहितो. मी याच कामात आहे, वाघोडिया रोडच्या बाजूला.

आमच्या हातात बीओएम, म्हणजे लागणाऱ्या भागांची यादी, येते. त्यात जे लिहिलंय ते आम्ही आणतो. रावपुरेकर, त्या बीओएमची ओळ जशीच्या तशी इथे टाका. मी पैजेवर सांगतो, तिथे "४७०/३५" एवढंच असणार.

रावपुरेकर

आत्ताच फोन करून विचारलं. ओळ अशी आहे: "इलेक्ट्रोलिटिक, ४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, रेडियल." बस.

खरेदीखातं

मग ८५ अंशांचा आणणाऱ्याने काय चूक केली? ४७० आहे, ३५ आहे, रेडियल आहे. दुकानदाराने दोन दाखवले, त्याने स्वस्त घेतला. त्याला दर महिन्याला विचारतात किती वाचवले. तासांचा रकाना बीओएममध्ये असता तर त्याने निदान फोन केला असता. आमच्याकडे पर्यायी भाग घ्यायचा असला तर डिझाइनवाल्याची सही लागते, पण भाग "पर्यायी" आहे हे कळायला तरी आधी मूळ भाग नीट लिहिलेला हवा ना.

तांब्याची_तार

म्हणजे फिरून गाडी परत त्याच मुलाच्या दारात आली. मी तेच म्हणत होतो.

मांजलपूरची

काका, एवढी घाई नको. त्याला बीओएम कशी लिहायची हे कुणी शिकवलं होतं का? कॉलेजात आम्हाला सर्किट शिकवतात, कंपनीत पहिल्या दिवशी मागच्या माणसाची एक्सेल शीट मिळते आणि आपण त्याच्यासारखंच लिहितो. जुन्या शीटमध्ये तासांचा रकाना नसेल तर नव्यातही नसतो.

जाता जाता गंमत सांगते. रास्पबेरी पाय २ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक आला होता २०१५ साली, आणि लोकांच्या लक्षात आलं की त्याचा झेनॉन फ्लॅश टाकून फोटो काढला की तो बंद पडतो! पॉवरची एक चिप नुसत्या सिलिकनच्या रूपात, वर आवरण नसलेली बसवली होती. तिच्यावर फ्लॅशचा प्रकाश पडला की फोटोइलेक्ट्रिक परिणामाने व्होल्टेज ढळायचं. उपाय म्हणून लोकांनी त्या चिपवर चिकणमातीसारखं काहीतरी लावलं. त्यानंतर पाय ४ मध्ये, २०१९ ला, यूएसबी-सी च्या दोन पिनांना दोन वेगळे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर लागतात तिथे एकच वापरला, म्हणून काही केबलींनी त्याला वीजच मिळेना. कंपनीने उघड मान्य केलं आणि पुढच्या रिव्हिजनमध्ये दुरुस्त केलं. एका रेझिस्टरची किंमत ती काय! इतकी हुशार माणसं, इतके डोळे, तरी सुटलं.

निवांत

फोटो काढला की बंद पडणारा माणूस माझ्या ऑफिसातही आहे.

कलाभवनी

मी निवृत्त शिक्षक. आमची संस्था १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन म्हणून काढली ती हाताने काम शिकवण्यासाठी, म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: कुठे आणि कसं तपासलं? रावपुरेकर, नमुन्याची चाचणी कोणत्या महिन्यात झाली आणि कोणत्या खोलीत?

रावपुरेकर

सर, जानेवारीत. वरच्या मजल्यावर, एसी चालू. स्टार्टरचं झाकण उघडं होतं, कारण मीटरच्या तारा आत घालायच्या होत्या.

कलाभवनी

हेच अपेक्षित होतं.

हबल दुर्बिणीचा आरसा पाहा. २.४ मीटरचा आरसा, कड ठरल्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली. घासणाऱ्यांच्या हाताला दोष देता येत नाही, त्यांनी मोजमापाप्रमाणेच अत्यंत काटेकोर घासलं. पण ज्या उपकरणाने मोजत होते त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. आणखी वाईट गोष्ट म्हणजे दुसऱ्या, साध्या उपकरणांनी चूक दाखवली होती. "ते उपकरण तितकं अचूक नाही" म्हणून त्यांचं ऐकलं गेलं नाही. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली, चित्रं धूसर आली, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन ती सुधारली.

तुमच्या कारखान्यातल्या त्या मुलाचा बोर्ड जानेवारीतल्या एसीत पास झाला. त्या चाचणीला उन्हाळ्यातलं शेत विचारलंच नव्हतं. चाचणी कशी घ्यायची हे कुणी ठरवलं? तो मुलगा तर नसणार. नव्या मुलाला उन्हात माल ठेवून चाचणी करायची तर जागा, तारा, पंप, आठवडाभर वेळ लागतो. हे देणं शेठच्या हातात.

पादऱ्याचा

माझ्या मामांचं शेत पादऱ्याकडे आहे, भाजी करतात. असाच एक स्टार्टर त्यांच्याकडेही लागलेला आहे, कारखाना कोणता ते लिहीत नाही.

तुम्ही सगळे तापमानाबद्दल बोलताय म्हणून एक गोष्ट सांगतो जी शहरातल्या माणसाला सुचणार नाही. गुजरातच्या ज्योतिग्राम योजनेनंतर शेतीचा फीडर (वीजवाहिनी) गावापासून वेगळा झाला आणि शेतीला आठेक तास थ्री-फेज मिळू लागली. पाळी असायची: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मामा रात्री टॉर्च घेऊन शेतात जायचे, साप-विंचवाची भीती. २०२० मध्ये किसान सूर्योदय योजना आली, पहाटे पाच ते रात्री नऊच्या दरम्यान वीज द्यायची. शेतकऱ्याला फार मोठा दिलासा. पण स्टार्टरचं खोकं आता भर दुपारी, लोखंडी खांबावर, उन्हात चालू असतं. पूर्वी अर्धं काम तो रात्रीच्या गारव्यात करायचा.

दुसरं, खोक्याला खाली जाळी होती. ती पत्र्याने बंद केलेली मी डोळ्यांनी पाहिली. का, तर पाली आणि मुंग्या आत जातात आणि कॉन्टॅक्टवर मरतात. शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून बसवणाऱ्यानेच बंद केली.

तांब्याची_तार

पादऱ्याचा, तुमच्या या दोन परिच्छेदांनी माझं मत बरंच हललं. हिशेब करतो.

मे महिन्यात बाहेर ४३-४४. उन्हात बंद पत्र्याच्या खोक्यात ६५ धरा. हीटसिंकला चिकटून आणखी ३०. म्हणजे कॅपॅसिटरजवळ ९५.

१०५ अंशांचा, ५००० तासांचा असता तर दहा अंश खाली म्हणून दुप्पट, १०,००० तास. रोज आठ तासांनी १२५० दिवस, तीन-साडेतीन वर्षं. ८५ अंशांचा, २००० तासांचा ९५ वर चालवायचाच नसतो. तरी हाच नियम लावला तर १००० तास, म्हणजे रोज आठ तासांनी चारेक महिने. हिवाळ्यात बसवला तेव्हा खोकं थंड होतं, खरी होरपळ मार्चपासून. मे मध्ये बंद पडणं बरोबर जुळतं.

आता बघा. मूळ कॅपॅसिटर लावला असता तरी स्टार्टर तीन-साडेतीन वर्षांत गेलाच असता. जागा चुकली ती चुकलीच, ती त्या मुलाची. पण चार महिन्यांत जाणं ही त्याची एकट्याची करणी नाही. त्यात स्वस्त भाग आहे, अपुरी ओळ आहे, बंद जाळी आहे आणि जानेवारीतला एसी आहे.

बांधणी

मी सिव्हिलचा, पण तांब्याची_तार यांच्या शेवटच्या परिच्छेदाने आमच्याकडचं एक प्रकरण आठवलं. इमारतीचं आहे, तरी इथे लागू पडतं.

१७ जुलै १९८१, अमेरिकेत कॅन्सस सिटीतलं हयात रीजन्सी हॉटेल. आतल्या मोकळ्या दालनावरून लटकते पूल होते, चौथ्या मजल्याचा वर आणि दुसऱ्याचा त्याच्या बरोबर खाली. मूळ आराखड्यात छतापासून एकच लांब सळई दोन्ही पुलांतून जाणार होती. एवढ्या लांब सळईला आटे पाडणं आणि नट चढवणं कटकटीचं, म्हणून पोलाद बनवणाऱ्यांनी सुचवलं की दोन सळया करू: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. कागदावर किरकोळ बदल. पण त्यामुळे वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटावर स्वतःचा आणि खालच्या पुलाचा, असा दुप्पट भार आला. पूल कोसळले, ११४ माणसं गेली.

तपासात काय निघालं? मूळची एक-सळईची रचनाही नियमाला लागणाऱ्या भाराच्या सुमारे ६० टक्केच पेलणारी होती. म्हणजे आधीच कमजोर, आणि बदलाने अर्धी झाली. तुमच्या कॅपॅसिटरचीच गोष्ट.

आणि शिक्षा कुणाला? बदल सुचवणाऱ्याला नाही. ज्या अभियंत्यांच्या शिक्क्याखाली ड्रॉइंग गेली होती त्या दोघांचे परवाने मिसुरी राज्याने काढून घेतले. त्यांचं म्हणणं होतं की जोडाचा तपशील बनवणाऱ्याने ठरवायचा असतो. ते मान्य झालं नाही. शिक्का तुझा, तर तपासायचं कामही तुझं.

सूरसागरकाठी

बांधणी, पण तिथे शिक्का मारणाऱ्याकडे परवाना होता, अधिकार होता, नाही म्हणायची ताकद होती. आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, पण बोर्ड काढणाऱ्या मुलाच्या सहीला कुठल्या परवान्याचं बळ आहे? त्याने "मंजूर" मध्ये सही केली नसती तर शेठने दुसऱ्याकडून करून घेतली असती. म्हणून तिथली शिक्षा इथे लावू नका.

बांधणी

मान्य. मी उदाहरण दिलं ते याच्यासाठी की शिक्का ज्याचा त्याने बदल तपासायचे. इथे शिक्का खरं तर कारखान्याच्या नावाचा आहे, खोक्यावर छापलेला.

काळा_कोट

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण पगार कापण्याचा विषय गंभीर आहे.

पगारातून कपात करायला कायद्याने ठरावीकच कारणं दिली आहेत. त्यात नुकसानीचं कारण आहे, पण ते कामगाराच्या ताब्यात सोपवलेला माल किंवा पैसे त्याच्या हलगर्जीने गेले तर. आणि तेव्हाही आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. शेतात फुगलेला कॅपॅसिटर हा त्याच्या ताब्यात सोपवलेला माल म्हणणं फार ओढून ताणून होईल. शेठने दिलेलं तोंडी फर्मान इथे टिकणार नाही.

ग्राहकाकडे पाहिलं तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ८४ मध्ये उत्पादक कधी जबाबदार हे सांगितलंय, आणि "डिझाइनमधला दोष" हे त्यात स्वतंत्र कारण आहे. तिथे कुठल्या इंजिनीअरने लेआउट केलं हे कुणी विचारत नाही, जबाबदार उत्पादकच. विक्रेत्यासाठी कलम ८६ आहे: त्याने वस्तूत बदल केला आणि तो बदल नुकसानीचं मुख्य कारण ठरला तर तोही अडकतो. जाळी बंद करणारा बसवणारा जर विक्रेताच असेल तर त्याने हे वाचावं. मात्र या प्रकरणात "हानी" मध्ये वस्तूचं स्वतःचं नुकसान किंवा निव्वळ आर्थिक तोटा धरत नाहीत. नुसता स्टार्टर बदलून हवा असेल तर वॉरंटीचा साधा रस्ता आहे.

पादऱ्याचा

मामांना वॉरंटीत नवा मिळाला. पण मे महिन्यात पाणी न मिळाल्याने गेलेली भाजी कुणी भरून देत नाही. त्यांना विचारलं की जबाबदार कोण, तर त्यांनी खोक्यावरचं नाव वाचून दाखवलं.

मांजलपूरची

मामांचं बरोबर आहे. इंटेलच्या पेंटियम या संगणकाच्या चिपचं आठवा. भागाकाराच्या तक्त्यात १०६६ पैकी पाच नोंदी सुटल्या होत्या. १९९४ मध्ये थॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी ती चूक उघड केली. कंपनी आधी म्हणाली की ज्याला खरंच गरज आहे हे पटेल त्यालाच बदलून देऊ. लोक भडकले, डिसेंबरमध्ये सरसकट बदलून द्यायला लागली आणि ४७.५ कोटी डॉलरचा खर्च कंपनीने स्वतःच्या वह्यांत लिहिला. त्या पाच नोंदी ज्याच्या हातून सुटल्या त्याच्या पगारातून नाही.

खरेदीखातं

इंटेलकडे ४७.५ कोटी होते म्हणून ते जमलं. आमच्या शेठकडे बँकेचं कर्ज असतं. मी शेठचा कैवार घेत नाही, पण छोट्या कारखान्यात एक बॅच परत आली की कधी कधी सगळ्यांचे पगार लांबतात. ते दडपण त्या मुलावर ढकललं जातं. चूकच आहे, पण येतं कुठून ते बघा.

रावपुरेकर

सगळ्यांचे आभार. काल हा सगळा धागा शेठना वाचून दाखवला. काळा कोट यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. कपात थांबवली आहे. शेतातून आणायचा-न्यायचा खर्च कुणाचा यावर बसवणाऱ्याशी अजून वाद चालू आहे. माझं पहिलं मतही थोडं बदललं. त्या मुलाला मी पूर्ण सोडत होतो, पण जागेची चूक त्याची होती आणि ती त्याला कळायलाच हवी. त्याने नवा लेआउट काढायला घेतलाय. कॅपॅसिटर खाली, हीटसिंकपासून लांब, आणि बीओएममध्ये अंश आणि तासांचे दोन नवे रकाने.

"तपासले" मध्ये सही करायला बाहेरचा कुणी मिळेल का, असं शेठ विचारतायत.

तांब्याची_तार

मी करीन, मोबदला घेऊन. अट एक: मी नाही म्हटलं तर माल जाणार नाही, हे लेखी हवं. बदली भाग आला तरी आधी मला विचारायचं. शेठना हे पटत असेल तर फाइल पाठवा.

रावपुरेकर

विचारतो. आणि सर, शेताची चाचणी कशी घ्यावी? जूनचा पाऊस लागायच्या आत करायची आहे.

कलाभवनी

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) हवेत लटकवू नका, कॅपॅसिटरच्या डब्यालाच कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) चिकटवा. दुसरं हीटसिंकवर, तिसरं खोक्याच्या आत वरच्या कोपऱ्यात, चौथं बाहेर सावलीत. झाकण बंद, आणि जाळीही बंद ठेवा, कारण शेतात ती बंदच असणार आहे. वायर काढायला छोटं भोक पाडून सिलिकॉन भरा. खोकं पश्चिमेकडे तोंड करून खांबावर लावा, पंप पूर्ण भारावर, सकाळपासून सलग चालू. आकडे दुपारी दोन ते पाच बघा, पाच वाजता बंद करून लगेच निघू नका. बंद केल्यावरही कॅपॅसिटरचं तापमान थोडा वेळ चढतं का ते नोंदवा. आकडे आले की इथे टाका, हिशेब सगळे मिळून करू.

पादऱ्याचा

मामांच्या शेतात करा. जेवण आमच्याकडे.